मार्चपर्यंतचं सरपण

दोन सप्टेंबरला ओइवा केकालाइनेनला अठ्ठ्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. दुपारी त्याने ब्लूबेरीच्या केकचे दोन तुकडे खाल्ले, कॉफीचा कप रिकामा केला आणि बायकोला सांगितलं की आपण येत्या मार्चमध्ये मरणार आहोत. मग केकचा तिसरा तुकडा घेतला.

"कितव्या तारखेला?" हेल्वीने विचारलं.

"तारीख नक्की नाही."

"मग तो तुकडा खाली ठेव. संध्याकाळी शेजारून रेइयो येईल, त्याला लागेल."

ओइवाने तुकडा खाली ठेवला नाही. मरणाऱ्या माणसाला एवढी सवलत असते असं त्याचं म्हणणं असावं, पण तो ते बोलला नाही. कोइवुपेरात माणसं असं सगळं बोलून दाखवत नाहीत. गावात बावीस घरं, एक तळं आणि एक बस थांबा आहे. बोलायचं ते बहुतेक बस थांब्यावरच्या फळीवर चिठ्ठी लावून बोलतात.

मार्चचं प्रकरण तसं जुनं होतं. ओइवाचे आजोबा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मार्च महिन्यात गवताची घसरगाडी घेऊन तळ्याच्या बर्फावरून निघाले आणि अर्ध्यात खाली गेले. बाप अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मार्चमध्ये छपरावरचा बर्फ ओढायला चढला आणि बर्फाबरोबर उतरला. थोरला भाऊ वेइको अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, मार्चमध्येच, सकाळी टपाल आणायला पायाने ढकलायच्या घसरगाडीवरून निघाला आणि वळणावर त्याची एका मूस हरणाशी गाठ पडली. हरणाला काही झालं नाही.

"तळं, छप्पर आणि हरीण," हेल्वी म्हणाली. "यातलं रक्तातून येणारं काय आहे ते सांग."

"आकडा."

"तर मग मार्चमध्ये तळ्यावर जाऊ नकोस, छपरावर चढू नकोस आणि हरणांशी नीट वाग."

"तसं केलं तर चौथं काहीतरी निघेल," ओइवा म्हणाला. "कपाट पडेल."

हेल्वीने कपाटाकडे पाहिलं. ते चाळीस वर्षांत हललं नव्हतं. पण तिने त्या दिवशी हा विषय सोडला, कारण माणूस वाढदिवसाला असं काही बोलतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो, असा तिचा अंदाज होता.

दुसऱ्या दिवशी ओइवा विसरला नाही. तालुक्याच्या आरोग्यकेंद्रात ती त्याला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरणीने त्याला सरकत्या पट्ट्यावर चालवलं, कागद पाहिला आणि सांगितलं की याचं हृदय पन्नाशीतल्या माणसाचं आहे.

"मग ते त्याला परत द्यायला पाहिजे," ओइवा म्हणाला, आणि टोपी घालून बाहेर जाऊन बसची वाट बघत उभा राहिला.

सप्टेंबर पुढे सरकला. कामं तर करावीच लागतात, आणि ओइवाने ती केली. फक्त मार्चपर्यंतची केली. धुराडं साफ केलं, कारण ते ऑक्टोबरपासून लागतं. खिडक्यांच्या दोन तावदानांमध्ये वाळलेलं शेवाळ भरलं, फटींना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. बर्फ काढणाऱ्या गाडीला रस्त्याची कड कळावी म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना काठ्या रोवल्या. बटाटे तळघरात गेले. होडी किनाऱ्यावर पालथी घातली, पण तिला डांबर कोणतं लावायचं हे दरवर्षी तो शरदातच ठरवून ठेवायचा, ते ठरवलं नाही. बागेचं बी मागवायचा कागद आला, तो त्याने हेल्वीच्या बाजूला सरकवला. सहकारी दुकानातून पुढच्या वर्षाचं कॅलेंडर मिळालं तेव्हा त्याने खुर्चीवर बसून एप्रिलपासून डिसेंबरपर्यंतची पानं हळूहळू फाडली आणि उरलेली तीन भिंतीवर लावली.

"भिंतीला उगाच ओझं नको," तो म्हणाला.

हे सगळं हेल्वीने पाहिलं आणि गिळलं. पण डावा खण तिला गिळता येईना.

केकालाइनेनांचं सरपणाचं खोपट दोन खणांचं होतं. तोंड रस्त्याकडे, पुढून दार नाही, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला आतलं सगळं दिसायचं. उजव्या खणात गेल्या वर्षीचं लाकूड, ते या हिवाळ्यात जळायचं. डाव्या खणात या वर्षीचं, ते पुढच्या हिवाळ्यात. हिवाळ्याच्या अखेरीला झाडं पाडायची, मेमध्ये फोडायची, उन्हाळाभर दक्षिणेच्या उतारावर वाळवायची आणि पहिला बर्फ पडायच्या आत डाव्या खणात छपरापर्यंत रचायची. पुढच्या वर्षी खण बदलायचे. ज्याचा एकच खण भरलेला असायचा, म्हणजे जो या वर्षीचं लाकूड याच वर्षी जाळायचा, त्याला गावात कोणी काही म्हणत नसे. ते न म्हणणं फार लांबवर ऐकू जायचं.

आणि ओइवाच्या थप्प्या म्हणजे साध्या थप्प्या नव्हत्या. तो ओळंबा लावून रचायचा. दोऱ्याला गंजका नट बांधलेला असायचा, तो थप्पीच्या वरून सोडला की खालपर्यंत एका लाकडालाही न टेकता लोंबायचा, आणि तरी प्रत्येक लाकडापासून सारख्याच अंतरावर. बर्चची पांढरी साल सगळीकडे एका दिशेला. जाड खाली, बारीक वर, पण कुठून जाड संपलं आणि बारीक सुरू झालं हे शोधू गेलं तर सापडू नये. बाहेरगावचे पाहुणे आले की लोक त्यांना आधी तालुक्याचं चर्च दाखवायचे, मग तळं आणि मग ओइवाचं खोपट. एकदा नव्या पाद्रीबाईंनी खोपटासमोर नकळत आवाज खाली आणला होता.

काढायचाही तो तसाच. एका टोकाकडून, वरून पायऱ्यापायऱ्यांनी, म्हणजे फेब्रुवारीत अर्धी जळालेली थप्पी डिसेंबरातल्या पूर्ण थप्पीपेक्षा देखणी दिसायची. हेल्वीला काढणं कधी जमलं नाही. तिने चार लाकडं घेतली की थप्पीला दात पडल्यासारखं दिसायचं.

थप्पीच्या माथ्यावर बिशप बसायचा. बिशप म्हणजे बर्चचं एक गाठाळ लाकूड. गाठीला दोन डोळे, खाली नाराज तोंड आणि वर टोकदार टोपी होती. अकरा वर्षांपूर्वी फोडताना तो निघाला, तेव्हापासून ओइवाने त्याला जाळला नव्हता. दर शरदात डावा-उजवा बदल झाला की बिशप जुन्या थप्पीवरून नव्या थप्पीवर जायचा आणि तिथून वर्षभर रस्त्याकडे नापसंतीने बघायचा.

सप्टेंबर संपत आला तरी उतारावरचं लाकूड उतारावरच होतं आणि डावा खण रिकामा. खणाच्या मातीवर एक परीट पक्षी शेपूट हलवत फिरत होता, जसं काही जागा त्याने भाड्याने घेतली होती.

"ते लाकूड कधी आत घ्यायचं?" हेल्वीने विचारलं.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी. मी अठ्ठ्याहत्तरची व्हायला अजून तीन वर्षं आहेत, आणि आमच्या घराण्यात असला काही आकडा नाही."

"तू सिर्क्काकडे औलूला जाशील," ओइवा म्हणाला. सिर्क्का त्यांची मुलगी. "तिच्याकडे भिंतीतून ऊब येते."

"मला विचारलंस?"

"मी तर नसणार. मी कशाला विचारू?"

त्या शनिवारी सौना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, तापवायला म्हणून हेल्वीने सरपणाची टोपली उचलली, तर आत बारीक काटक्यांच्या वर बिशप पडलेला. तोंड नेहमीसारखंच, पण तिला वाटलं की या खेपेला त्याचं बरोबर आहे.

"हा इथे कसा?"

"जळेल चांगला," ओइवा खिडकीबाहेर बघत म्हणाला. "वाळलाय."

हेल्वी टोपली घेऊन बाहेर गेली. सौनाच्या पायरीवर ती बसली आणि तिला पहिल्यांदा भीती वाटली. तळ्याची, छपराची, हरणाची नाही. तिला खिडकीची वाटली. तिचा बाप लाकूड-गिरणीत फळ्या रचायचा. गिरणी बंद पडली तेव्हा तो घरी येऊन खिडकीशी बसला. त्याला काहीही झालेलं नव्हतं. खायचा, झोपायचा, खिडकीशी बसायचा. वसंतात गेला, आणि कशाने गेला हे डॉक्टरलाही लिहिता येईना. हात थांबले की उरलेला माणूस किती दिवस मागे राहतो, हे तिने पाहिलेलं होतं. साधारण सहा महिने. सप्टेंबरपासून मोजलं तर मार्च येत होता.

तिने बिशपला एप्रनमध्ये गुंडाळून आत नेलं आणि राईच्या पिठाच्या डब्यात खोल खुपसलं. सौना त्या दिवशी नुसत्या काटक्यांवर तापवला.

सिर्क्काला फोन केला.

"आजारी आहेत का बाबा?"

"नाही. खातोय चांगलं."

"मग करतात काय?"

"काही नाही. तेच तर."

"लाकडाचं म्हणशील तर आई, हल्ली ट्रकने येतं. फोडलेलं, वाळलेलं, जाळीच्या पिशव्यांत."

हेल्वी इतका वेळ गप्प राहिली की सिर्क्काने दोनदा "आई, आहेस का" विचारलं आणि मग आपणहून माफी मागितली.

विनवण्या करून उपयोग नव्हता. बावन्न वर्षांत ओइवा विनवणीने एकदाच हलला होता, आणि तेव्हा तो शिडी धरून उभा असल्यामुळे नंतर बरंच काही पडलं होतं. पण त्याची एक दुखरी जागा हेल्वीला माहीत होती. सोमवारी सकाळी तिने गमबूट घातले, हातगाडा काढला, उतारावरून लाकूड आणलं आणि डाव्या खणात रचायला सुरुवात केली. वाईट रचायला.

हे वाटतं तेवढं सोपं नसतं. हेल्वी फळ्या रचणाऱ्याची मुलगी होती. सातव्या वर्षी ती बापाच्या हाताखाली थप्पीचे कोपरे बांधायची. लग्नानंतरच्या पहिल्या शरदात तिने याच खोपटात एक ओळ रचली होती. संध्याकाळी ओइवा येऊन त्या ओळीसमोर उभा राहिला. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि त्याचा चेहरा अजून सगळं सांगून टाकायचा. दुसऱ्या दिवसापासून हेल्वी त्याच्या हातात लाकडं द्यायला लागली आणि रचायचं त्याच्यावर सोडलं. तेव्हापासून बावन्न शरद तिने लाकडंच दिली होती.

आता हात ऐकेनात. वाकडं लाकूड उचललं की ते आपोआप पालथं होऊन जागी बसायचं. तिने उजव्या हातात डावा हातमोजा घातला. तळ्याकडे बघत रचून पाहिलं. दुपारपर्यंत उभी राहिलेली थप्पी सरळच होती. मग तिने ती सगळी मोडली आणि जाणूनबुजून बिघडवली, तर ती जागीच कोसळली. हेही उपयोगाचं नव्हतं. कोसळलेली थप्पी म्हणजे नुसतं जमिनीवरचं लाकूड, त्याची कोणाला लाज वाटत नाही. तिला हवी होती ती उभी राहणारी, पण उभी राहायला नको होती अशी थप्पी.

तेव्हा हेल्वीने डोकं लावलं. भिंतीला लागून, आत, कोणाला दिसणार नाही अशी एक ओळ तिने नीट रचली, पुढच्या घाणीला आधार म्हणून. ती रचताना आजूबाजूचं सगळं विसरली. लाकूड उचलावं, एकदा फिरवावं, ठेवावं, तळव्याने ठोकावं. साल वर, टोकं भिंतीपासून चार बोटं. ओळंब्याची गरज पडली नाही. ओळ संपली तेव्हा तिला कळलं की आपण गुणगुणत होतो. ती थोडी ओशाळली आणि मग त्या ओळीपुढे तिने कोइवुपेराच्या इतिहासातली सर्वांत बेढब थप्पी उभी केली. मधून पोट सुटलेली, डावीकडे झुकलेली, साल कुठे वर कुठे खाली, जाडी लाकडं वर आणि काटक्या तळाला. ती न पडण्याचं कोणतंही कारण बाहेरून दिसत नव्हतं. तीन दिवस लागले. हेल्वीने आयुष्यात एवढी कसबाची गोष्ट केली नव्हती, आणि ती कोणाला सांगता येणार नव्हती.

पहिल्या दिवशी ओइवाने खिडकीतून पाहिलं आणि खुर्ची फिरवून पाठ केली. दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळली. तिसऱ्या दिवशी त्याने कॉफी गार होऊ दिली.

चौथ्या दिवशी हरणांच्या शिकारीला निघालेली गाडी खोपटासमोर आली आणि हळू झाली. आत नारिंगी टोप्या घातलेले पाचजण होते. पाचही टोप्या एकाच वेळी वळल्या. गाडी थांबली नाही, पण फार वेळ गेलीही नाही.

दुपारी शेजारचा रेइयो आला. त्याने बूट दाराशी काढले, बाकावर बसला आणि तीन कप कॉफी प्याला. ओइवा समोरच होता. पाऊस पडेल का यावर दोघांचं एकमत झालं. चौथ्या कपाला रेइयो हेल्वीकडे वळला.

"मालकीणबाई, ती बाहेरची थप्पी."

"कुठली?"

"डाव्या खणातली."

"तिचं काय?"

रेइयोने कपात पाहिलं. "मुद्दाम आहे का?"

"म्हणजे काय मुद्दाम?"

"काही नाही," रेइयो म्हणाला. थोड्या वेळाने, "आमच्या हिची, मायरेची, मावसबहीण डोळ्यांच्या दवाखान्यात आहे. सहज सांगितलं."

तो गेला. जाताना खोपटाच्या बाजूने न जाता मागून, ओल्या गवतातून गेला. ओइवाने ते पाहिलं.

"तो मागून गेला," ओइवा म्हणाला.

"जाऊ दे. पाय त्याचे."

"लोकांना वाटेल ती मी रचली."

"तू मार्चमध्ये जाणार आहेस. तुला काय लोकांचं?"

"मार्चपर्यंत आहे की मी. सहा महिने हा रस्ता चालू असतो." त्याने बोटांनी टेबल वाजवलं. "आणि मार्चमध्ये सगळे येणार. पाद्रीबाई, पार कायानीहून माझे चुलतभाऊ. अंगणात उभे राहून कॉफी पिणार. समोर काय बघणार?"

"मार्चमध्ये बर्फ असतो. अर्धी झाकलेली असेल."

"खालची अर्धी. वरची जास्त वाईट आहे."

"मी चादर टाकीन हवं तर."

"चादर," ओइवा म्हणाला. त्याने हा शब्द असा उच्चारला जसा कोणी गुन्ह्याचं कलम उच्चारतो.

तो उठला. कोट घातला, टोपी घातली, दाराशेजारच्या खिळ्यावरून नट बांधलेला दोरा काढून खिशात टाकला. महिन्यापासून तो दोरा त्या खिळ्यावरच होता. हेल्वी भांडी विसळत राहिली आणि मनात म्हणाली, झालं. मग लगेच तिच्या हातातून कप निसटला, कारण तिला आतली ओळ आठवली.

पुढची थप्पी मोडली की ती दिसणार. ती दिसली की ओइवाला कळणार की बायकोचे डोळे, हात आणि डोकं सगळं जागेवर आहे आणि आपल्याला बनवलं गेलं आहे. बनवला गेलेला ओइवा पुन्हा येऊन खिडकीशी बसला असता, आणि मग त्याला उठवायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. तिने ओले हात एप्रनला पुसले आणि बाहेर आली, पण खोपटापर्यंत गेली नाही. अंगणात बर्चची पानं पडली होती. दाताळं घेऊन ती पानं ओढत राहिली. एकच जागा चार वेळा ओढली.

ओइवा बेढब थप्पी मोडत होता. लाकूड काढायचा, त्याच्याकडे वाईट नजरेने बघायचा आणि मागे टाकायचा. तासभर चाललं. इतके दिवस खिडकीशी बसलेला माणूस वाकत होता, उठत होता, कपाळ पुसत होता. मग आवाज थांबला.

हेल्वीने पानं ओढणं थांबवलं नाही, पण दाताळ्यात आता पानं नव्हती.

ओइवा आतल्या ओळीसमोर उभा होता. त्याने टोपी काढली. खिशातून दोरा काढला, ओळीच्या माथ्यावरून नट सोडला, आणि तो स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. मग खाली वाकून नट आणि लाकूड यांच्यात बोट धरलं. वर धरलं. मध्ये धरलं. सगळीकडे एकच बोट बसलं.

"हेल्वी."

ती दाताळं घेऊनच गेली.

"ही ओळ कोणी रचली?"

"मी."

"आणि हे?" त्याने मागच्या ढिगाकडे अंगठा केला.

"तेही मीच."

ओइवाने नट हळूहळू वर ओढून घेतला. रस्त्यावरून एक सायकल गेली, तिने घंटी वाजवली नाही.

"पोटाचा भाग कसा उभा केलास?" त्याने विचारलं.

"आतून तिरक्या काटक्या लावल्या. दोन-दोनच्या."

"मला वाटलंच. बाहेरून कळत नव्हतं." त्याने ओळीवरून तळवा फिरवला, हळू, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. "अशी ओळ मी एकदा पाहिली होती. पहिल्या वर्षी. पुन्हा बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं."

"तुझा चेहरा पडला होता तेव्हा."

"चेहरा पडला नव्हता. मी बघत होतो." तो थांबला. "थोडा पडला होता. दुसऱ्या दिवशी तू हातात लाकडं द्यायला लागलीस, मी म्हटलं बरं झालं. तिसऱ्या वर्षी तुला कावीळ झाली, वेइको लाकडं द्यायला आला. आठवतं?"

"मी पडून होते."

"त्या वर्षी थप्पी वाकली. मी तोच, खोपट तेच, लाकूड तेच. वेइको हाताला येईल ते देत होता." ओइवाने टोपी पुन्हा घातली. "तेव्हा कळलं की तू निवडून देत होतीस."

हेल्वीने दाताळं खोपटाला टेकवून ठेवलं. बावन्न वर्षं लपवून ठेवलेली गोष्ट समोरच्याला पन्नास वर्षं माहीत आहे हे कळल्यावर माणसाने काय म्हणावं, याची सोय कोइवुपेरात नव्हती.

"मग बोलला का नाहीस?"

"थप्पी सरळ येत होती," ओइवा म्हणाला. "मध्येच कशाला बोलायचं?"

त्याने दोऱ्याचा गुंडा केला आणि तिच्यापुढे धरला. हेल्वीने तो घेतला नाही, नुसता पाहिला. नट इतक्या वर्षांत झिजून गुळगुळीत झाला होता.

"तू रच," तो म्हणाला. "मी देतो."

"मला लागत नाही तो."

"दिसतंय. तरी धर. लोक बघतात."

त्या दुपारी आणि पुढचे आठ दिवस दोघांनी डावा खण भरला. ओइवा निवडून द्यायचा. सुरुवातीला वाईट निवडायचा आणि हेल्वी न बोलता लाकूड त्याच्याकडे परत करायची. तिसऱ्या दिवसापासून परत करायची वेळ कमी आली. पाचव्या दिवशी ओइवा म्हणाला की लाकूड देणं हे रचण्यापेक्षा अवघड काम आहे आणि हे त्याला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. हेल्वी म्हणाली की थप्पी सरळ येत होती.

शिकारीची गाडी पुन्हा गेली. या वेळी पाच टोप्या वळल्या आणि एकाने आपली काढली. रेइयो आला, खोपटाच्या पुढून आला, थांबला आणि आत येऊन दोन कप कॉफी प्याला.

"डोळे बरे झाले तर," तो शेवटी म्हणाला.

"हो," हेल्वी म्हणाली.

"कुठल्या दवाखान्यात?"

"घरीच."

थप्पी छपराला टेकली त्या सकाळी आभाळ खाली आलं होतं आणि हवेला बर्फाचा वास होता. शेवटचं लाकूड बसल्यावर दोघं रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि मागे वळून पाहिलं. उजवीकडे ओइवाची गेल्या वर्षीची, डावीकडे हेल्वीची या वर्षीची. सारख्याच सरळ, पण हेल्वीच्या थप्पीत पांढरी साल खालून वर तिरकी चढत गेली होती, वाऱ्यात पडदा हलावा तशी. हे ओइवाच्या डोक्यात कधी आलं नव्हतं, आणि ते तिने मुद्दाम केलं की हात आपोआप गेले हे विचारायचं त्याने टाळलं.

तो फार वेळ बघत राहिला.

"पुढच्या हिवाळ्यात ही काढणार कोण?" त्याने विचारलं.

"मीच की. अजून कोण आहे?"

"तुला काढता येत नाही."

"नाही येत."

"तू मधूनच ओढतेस. आठवड्यात दात पडतील हिला."

"पडतील," हेल्वी म्हणाली. तिने आवाज सरळ ठेवला. तो ठेवायला थप्पीपेक्षा जास्त कसब लागलं.

ओइवाने नाक पुसलं, आभाळाकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. तळ्याकडेही एकदा पाहिलं. आरोग्यकेंद्रातली तारीख पुढे ढकलावी तशा आवाजात तो म्हणाला, "मग मार्चचं जमणार नाही."

"तुझं तू बघ."

"तळ्याकाठचे तीन बर्चही पाडायचे आहेत. पानं फुटल्यावर पाडू. पानं आतलं पाणी ओढून घेतात, लाकूड लवकर वाळतं. तू दोरी धर."

"पानं म्हणजे मे उजाडेल."

"मेच म्हणतोय मी." तो खोपटाकडे चालू लागला आणि मध्येच थांबला. थप्पीच्या माथ्यावर, अगदी मधोमध, हेल्वीने एका लाकडाची जागा मोकळी सोडली होती. "बिशपला जाळलंस?"

"पिठाच्या डब्यात आहे."

"कुठल्या?"

"राईच्या."

"आपण दोन आठवडे त्याच डब्यातली भाकरी खातोय."

"तुला आवडली म्हणालास."

ओइवाने यावर विचार केला. भाकरी खरंच चांगली होती.

हेल्वीने बिशपला आणलं तेव्हा तो टोपीपासून खालपर्यंत पांढरा झाला होता, आणि नाराज तोंडात पीठ बसल्यामुळे पहिल्यांदाच जरासा खूश दिसत होता. ओइवाने त्याच्यावर फुंकर मारली, पीठ सगळं त्याच्याच मिशीवर आलं. त्याने बिशपला जागेवर ठेवलं, रस्त्याकडे तोंड करून, आणि एका बोटाने किंचित डावीकडे सरकवलं. हेल्वीने त्याला तेवढं करू दिलं.

आत आल्यावर ओइवाने मिशी न पुसताच कॉफी घेतली आणि भिंतीकडे बघत बसला. तिथे तीन महिन्यांचं कॅलेंडर लटकत होतं.

"बाकीची पानं कुठे आहेत?"

"शेगडी पेटवायला वापरली," हेल्वी म्हणाली. "तूच फाडून ठेवली होतीस."

"सगळी?"

"जून उरलाय. त्याच्यावर माशांचं चित्र होतं म्हणून ठेवला."

ओइवाने मान हलवली. "चालेल. एप्रिल-मे अंदाजाने काढू."

बाहेर बर्फ पडायला लागला होता. हेल्वीने केकचं भांडं पुढे केलं. ओइवाने दोन तुकडे खाल्ले, आणि तिसरा रेइयोसाठी ठेवला.